कॉइलमध्ये कोर घातला की इंडक्टन्स किती वाढतो, आणि पुस्तकातला आकडा मीटरवर का दिसत नाही

आधी तुमचा प्रश्न मला समजला तसा मांडतो, म्हणजे गोंधळ नको. १० मिमी व्यासाच्या प्लास्टिकच्या नळीवर ४० मिमी लांबीत १०० वेढे दिलेत, आत काहीच नसताना मीटर इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या करंटला कॉइल किती अडवते तो आकडा, २२ मायक्रोहेन्री दाखवतो. ८ मिमीचा लोखंडी बोल्ट आत सरकवला तर १ किलोहर्ट्झ सेटिंगला शंभराच्या आसपास, आणि तोच बोल्ट तसाच ठेवून १०० किलोहर्ट्झला जेमतेम तीस. फेराइटचा, म्हणजे चुंबकीय सिरॅमिकचा, १०० मिमी लांब रॉड घातला तर तीनशेच्या जवळ. पितळी बोल्ट घातला तर वाढायच्या ऐवजी कमी झाला, १२-१३. आता पुस्तकात लिहिलंय लोखंडाची पर्मिअ‍ॅबिलिटी हजारांत असते, म्हणजे चुंबकत्वाला ते हवेच्या हजारो पट सोपी वाट देतं, मग हजारपट का नाही वाढलं, मीटर बिघडलाय का, आणि शेवटी १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट करणाऱ्या बक कन्व्हर्टरसाठी ४७ मायक्रोहेन्री, ३ अँपिअरचा चोक, म्हणजे करंटचे चढउतार दाबणारी कॉइल, घरी गुंडाळायचाय तर कोर, म्हणजे कॉइलच्या आतला चुंबकीय तुकडा, कुठला घ्यायचा.

मीटर अगदी ठणठणीत आहे. उलट तुमची रीडिंगं इतकी बरोबर आहेत की मला ती उदाहरण म्हणूनच वापरायची आहेत. २२ सुद्धा बरोबर आहे, हॅरॉल्ड व्हीलरचं १९२८ चं सूत्र लावून बघा, त्रिज्येचा वर्ग गुणिले वेढ्यांचा वर्ग, त्याला भागायचं नऊपट त्रिज्या अधिक दहापट लांबी या बेरजेने, मापं मिमीमध्ये असतील तर परत २५.४ ने भागायचं, उत्तर २२.१ येतं. हवेच्या कॉइलचं हेच सुख आहे, जे कागदावर तेच मीटरवर, करंट कितीही वाढवा, फ्रिक्वेन्सी बऱ्यापैकी वाढवा, आकडा हलत नाही. भानगड सुरू होते ती आत काहीतरी घातलं की.

पुस्तकातलं सूत्र सगळ्यांना पाठ असतं, इंडक्टन्स म्हणजे पर्मिअ‍ॅबिलिटी गुणिले वेढ्यांचा वर्ग गुणिले क्षेत्रफळ भागिले लांबी. ते चूक नाहीये. पण त्यात एक गोष्ट न सांगता धरलेली आहे, ती म्हणजे फ्लक्सचा, म्हणजे चुंबकीय रेषांचा, पूर्ण रस्ता त्याच मटेरियलमधून जातोय. तुमच्या बोल्टमध्ये तसं होत नाही. फ्लक्स बोल्टच्या एका टोकातून बाहेर पडतो आणि हवेतून लांबचा वळसा घालून दुसऱ्या टोकातून आत येतो. म्हणजे निम्मा रस्ता गुळगुळीत डांबरी आणि निम्मा चिखलाचा, एकूण प्रवासाला वेळ किती लागणार ते चिखल ठरवणार, डांबरी भाग आणखी गुळगुळीत करून काय फरक पडणार आहे. याचा आकडाच हवा असेल तर, जाडीच्या दहापट लांब असलेल्या रॉडची मधल्या भागातली प्रभावी पर्मिअ‍ॅबिलिटी पन्नास-साठच्या आसपास येऊन अडकते, मग मटेरियल १००० चं असो की ५००० चं, फरक किरकोळ. आणि तुमच्या कॉइलमध्ये रॉड ८ मिमीचा आणि वेढे १० मिमीवर, म्हणजे क्षेत्रफळातला तिसरा हिस्सा हवाच राहिली, शिवाय वेढे रॉडच्या पूर्ण लांबीवर नाहीत. त्यामुळे २२ चे तीनशे, म्हणजे तेरा-चौदा पट, हे मला अपेक्षितच होतं. रॉड आतबाहेर सरकवून बघा, रीडिंग हळूहळू सलग वरखाली होईल, जुन्या रेडिओत कॉइलच्या आतला स्क्रूसारखा स्लग फिरवून ट्यूनिंग करायचे ते हेच.

आता बोल्टचं बघू, कारण तो मजेशीर आहे. तोच बोल्ट, तीच कॉइल, १ किलोहर्ट्झला शंभर आणि १०० किलोहर्ट्झला तीस. लोखंड स्वतः वीज वाहून नेतं ना, त्यामुळे बदलत्या फ्लक्सने त्याच्या आतच गोल गोल करंट फिरायला लागतात, त्याला आपण एडी करंट म्हणतो, आणि हे करंट मूळ फ्लक्सला आत शिरूच देत नाहीत. फ्लक्स फक्त बोल्टच्या कातडीत राहतो. ही कातडी किती जाड असते? लोखंडाची पर्मिअ‍ॅबिलिटी १००० धरली तर ५० हर्ट्झला साधारण ०.७ मिमी, १ किलोहर्ट्झला ०.१६ मिमी, १०० किलोहर्ट्झला ०.०१६ मिमी. तुमच्या बोल्टच्या लोखंडाची पर्मिअ‍ॅबिलिटी याहून कमी असणार, म्हणजे कातडी थोडी जाड, पण मुद्दा तोच, १०० किलोहर्ट्झला ८ मिमीच्या बोल्टमधलं जवळजवळ सगळं लोखंड झोपलेलं असतं, फक्त वरचा पापुद्रा काम करतो. आणि तो नुसता इंडक्टन्स देत नाही, गरमही होतो. मीटरवर क्यू, म्हणजे कॉइल किती कमी एनर्जी वाया घालवते त्याचं माप, किंवा सिरीज रेझिस्टन्स बघायची सोय असेल तर बोल्ट घातल्यावर ते रीडिंग जरूर बघा, इंडक्टन्स सोडा, क्यू कुठल्या कुठे गेलेला दिसेल.

पितळाची गोष्ट याचंच दुसरं टोक. पितळ चुंबकीय नाही, म्हणजे फ्लक्स वाढवायचं नाव नाही, पण वीज मात्र चांगली वाहतं, म्हणून फक्त एडी करंटचा भाग उरतो आणि फ्लक्सला मधल्या जागेतून हाकलून लावतो. कॉइलला जणू कमी क्षेत्रफळ मिळालं. १०० किलोहर्ट्झला पितळात कातडी ०.४ मिमीच्या आसपास, म्हणजे ८ मिमीची जवळजवळ सगळी जागा फ्लक्ससाठी बंद, आणि रीडिंग निम्म्यावर. हाच बोल्ट १ किलोहर्ट्झला मोजलात तर फारसा फरक दिसणार नाही, कारण तिथे कातडी ४ मिमीच्या वर जाते, म्हणजे बोल्टची अख्खी त्रिज्याच. करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. व्हीएचएफच्या, म्हणजे खूप वरच्या रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या, कॉइल्समध्ये पितळेचे किंवा अ‍ॅल्युमिनिअमचे स्लग मुद्दाम वापरतात, इंडक्टन्स थोडा खाली खेचायला. चुकून कोणी त्याच्या जागी फेराइटचा स्लग बसवला की स्क्रू फिरवल्यावर ट्यूनिंग उलट्या दिशेला जातं आणि माणूस दुपारभर डोकं खाजवतो. मी खाजवलंय.

तर लोखंड हवंय पण एडी करंट नकोत, हा जो प्रश्न आहे ना, कोर मटेरियलचा सगळा इतिहास म्हणजे याच एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत. पहिलं उत्तर पत्रे. लोखंडात सिलिकॉन मिसळायचं, रॉबर्ट हॅडफिल्डने १९०० च्या आसपास हे पुढे आणलं, त्याने लोखंडाचा विद्युत रेझिस्टन्स चारेक पटीने वाढतो, आणि मग त्याचे ०.३५ किंवा ०.५ मिमीचे पत्रे काढून एकमेकांपासून इन्सुलेट करून रचायचे. ५० हर्ट्झला हे अजूनही राजा आहे, सॅच्युरेशन, म्हणजे ज्याच्या पुढे कोर आणखी फ्लक्स घेत नाही ती मर्यादा, दोन टेस्लाच्या आसपास, याला टक्कर देणारं स्वस्त काहीच नाही. दुसरं उत्तर पावडर. लोखंडाचा भुगा करायचा, प्रत्येक कणावर इन्सुलेशन आणि मग दाबून रिंग बनवायची. कण इतके बारीक की एडी करंटला फिरायला जागाच नाही. तिसरं उत्तर फेराइट, म्हणजे धातूच नको, लोखंडाच्या ऑक्साइडची सिरॅमिकच करा जी मुळात वीज धड वाहतच नाही. टोकियोत योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई यांनी १९३० मध्ये यावर काम केलं, आज आपल्या प्रत्येक चार्जरमध्ये ते बसलंय.

आता प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, आणि इथे लोक फसतात, कारण कॅटलॉगमध्ये पर्मिअ‍ॅबिलिटीचा एकच आकडा ठळक छापलेला असतो आणि आपण तोच बघून कोर निवडतो.

मँगनीज-झिंक फेराइट बघा. पर्मिअ‍ॅबिलिटी साधारण १५०० पासून १५००० पर्यंत. पॉवर सप्लायमध्ये असतो तो दोन-अडीच हजारवाला. निकेल-झिंक फेराइट म्हणजे दहा-वीसपासून हजार-दीड हजारपर्यंत, पण मेगाहर्ट्झमध्ये चालणारा. पर्मिअ‍ॅबिलिटी जितकी जास्त तितकी ती लवकर, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीलाच, ढासळायला लागते. दोन्ही एकदम मिळत नाही, याला स्नूक लिमिट म्हणतात, फिलिप्समध्ये फेराइटवर काम करणाऱ्या स्नूकच्या नावावरून. १०००० वाली रिंग काही शे किलोहर्ट्झनंतर मान टाकते आणि १२५ वाली निकेल-झिंक निवांत काही मेगाहर्ट्झ चालते.

दोन्ही काळेच दिसतात, ओळखायचे कसे? मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन्ही टोकं कोरच्या उघड्या भागावर दाबायची, रंग असेल तर जरा खरवडून. मँगनीज-झिंक असेल तर काही किलोओहम ते काही शे किलोओहम असं काहीतरी दाखवतो, निकेल-झिंक असेल तर मीटर काहीच दाखवत नाही. शंभर टक्के खात्रीची नाही पण डब्यातले बेवारस कोर वेगळे करायला ही युक्ती मला कायम उपयोगी पडलीये.

पावडर कोर म्हणजे लोखंडी पावडर, सेनडस्ट, आणि एमपीपी, हाय फ्लक्स या निकेल-लोखंडाच्या भुकट्या, ही मंडळी. यांची पर्मिअ‍ॅबिलिटी कमी, लोखंडी पावडरची १० पासून १०० पर्यंत, सेनडस्टची साधारण २६ ते १२५. कमी का, तर कणाकणांच्या मध्ये इन्सुलेशन आहे, म्हणजे हजारो बारीक फटी कोरभर वाटून दिल्यात. कणांच्या आतली पर्मिअ‍ॅबिलिटी प्रचंड असली तरी बाहेरून दिसते ती फटींनी मारलेली. सेनडस्ट नाव मला फार आवडतं, जपानमधलं सेंदाई शहर आणि डस्ट म्हणजे भुकटी, १९३० च्या दशकात तिथे हाकारू मासुमोतोने हे मिश्रण काढलं, ८५ टक्के लोखंड, ९ सिलिकॉन, ६ अ‍ॅल्युमिनिअम. इतकं ठिसूळ की पत्रा काढणं अवघड, म्हणून भुकटीच केली, आणि तेच पुढे कामाला आलं.

आकड्यात फरक बघायचा असेल तर अर्ध्या इंचाच्या दोन रिंगा घ्या, एक लाल रंगाची २ नंबर (नंबर म्हणजे मटेरियलचा प्रकार) लोखंडी पावडर, टी५०-२ म्हणतात ती, आणि एक त्याच मापाची ४३ नंबर फेराइट. दोन्हीवर २० वेढे. लाल रिंगवर बरोबर २ मायक्रोहेन्रीच्या आतबाहेर येईल, कारण तिचा एएल, म्हणजे एका वेढ्याचा इंडक्टन्स, ४.९ नॅनोहेन्री, त्याला २० चा वर्ग म्हणजे ४०० ने गुणायचं. फेराइटवर पावणेदोनशे ते दोनशे मायक्रोहेन्री. म्हणजे नव्वद-शंभर पट, आणि पर्मिअ‍ॅबिलिटीचं गुणोत्तर १० ला ८००, म्हणजे ऐंशी पट. इथे सूत्र झकास लागू पडतं, कारण रिंग बंद आहे, फ्लक्स बाहेर पडतच नाही. (रिंगवर वेढे मोजताना भोकातून वायर एकदा गेली की एक वेढा, बाहेरच्या बाजूने मोजू नका, नवशिक्यांचा हमखास एक वेढा चुकतो आणि वेढे कमी असतील तर ती चूक मोठी होते.)

मग कोणाला वाटेल, फेराइटच घ्या ना, शंभरपट देतोय. ट्यून्ड सर्किट, म्हणजे ठराविक फ्रिक्वेन्सीला जुळवलेलं सर्किट, करायचं असेल तर अजिबात नको. फेराइटच्या एएलला २०-३० टक्के इकडेतिकडे असतं आणि तापमानाबरोबर तो भटकतो. लाल पावडरचा तापमानाचा फरक अंशाला दशलक्षात ९५ भाग, पिवळ्या ६ नंबरचा ३५, म्हणून ऑसिलेटरच्या कॉइलला लोक पिवळी शोधत फिरतात. पण रंगावर फार विसंबू नका, तो नुसता पेंट आहे, प्रत्येक कंपनीचा कोड वेगळा असू शकतो.

आता खरा विषय, करंट. तुम्हाला ३ अँपिअरचा चोक करायचाय म्हणून हे नीट वाचा, कारण मीटर याबद्दल एक अक्षर सांगत नाही. एलसीआर मीटर, म्हणजे हाच इंडक्टन्स मोजणारा मीटर, कॉइलमधून मिलिअँपिअरच्या घरात करंट सोडतो आणि त्या करंटला इंडक्टन्स किती ते सांगतो. ३ अँपिअरला किती उरेल हे त्याला विचारून काय उपयोग.

माझीच फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी, असाच बक कन्व्हर्टर, असाच ४०-५० मायक्रोहेन्री हवा होता. हाताशी २७ मिमीची फेराइटची रिंग होती, दोनेक हजार पर्मिअ‍ॅबिलिटीची. चार वेढे टाकले, मीटर ४१ दाखवतोय, म्हटलं वा, चार वेढ्यांत काम झालं, जाड वायर बसली, तांब्याचा लॉस शून्य, मीच शहाणा. बिनालोड सर्किट सुंदर चाललं. लोड वाढवत गेलो, दीड-दोन अँपिअरपर्यंत काही नाही, त्याच्या जरा पुढे गेलो आणि मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, फटकन गेला. वाटलं मॉसफेट डुप्लिकेट असेल. दुसरा लावला, तोही गेला. तिसऱ्याच्या आधी चोकमधल्या करंटचा वेव्हफॉर्म स्कोपवर बघायची अक्कल आली, लोड हळूहळू वाढवत नेला तर करंट सरळ तिरक्या रेषेत चढता चढता एकदम वर उडतो, जणू तिथे कॉइल नाहीच, नुसती वायर आहे. तसंच झालं होतं, कोर सॅच्युरेट झाला होता. नंतर हिशोब केला, फ्लक्स डेन्सिटी, म्हणजे क्षेत्रफळामागे किती फ्लक्स, काढायला इंडक्टन्स गुणिले पीक करंट, त्याला भागायचं वेढे गुणिले क्षेत्रफळ या गुणाकाराने. ४१ मायक्रोहेन्री, ३.३ अँपिअर पीक, ४ वेढे, ६६ चौरस मिमी, उत्तर ०.५१ टेस्ला. पॉवर फेराइट २५ अंशाला ०.४९ च्या आसपास सॅच्युरेट होतं आणि १०० अंशाला ०.३९ ला. म्हणजे थंडच असताना काठावर आणि जरा गरम झालं की काठाच्या पलीकडे, आणि गरम तर ते होणारच होतं.

आणि यातली गंमत अशी की पहिल्यांदा मी वेढे वाढवून बघितले, वाटलं इंडक्टन्स वाढला की करंट सुधारेल. बंद रिंगमध्ये करंट तोच ठेवून वेढे वाढवले तर फ्लक्स डेन्सिटी वाढते, कमी होत नाही. इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाने वाढला, खाली भागाकारात वेढे एकदाच, म्हणजे आणखी लवकर सॅच्युरेट. तिसरा मॉसफेट याच हुशारीत गेला.

यावर उपाय म्हणजे गॅप. कोरमध्ये मुद्दाम फट ठेवायची, आणि इंडक्टन्सच्या बाबतीत एवढा मोठा बदल दुसरं काहीच घडवत नाही, म्हणून जरा आकड्यात घुसू. पॉवर फेराइटचा मध्यम ई-कोर, म्हणजे ई अक्षरासारखे दोन तुकडे समोरासमोर जोडलेला, घ्या, मधल्या खांबाचं क्षेत्रफळ ७६ चौरस मिमी, फ्लक्सचा रस्ता साधारण ७० मिमी. बिनागॅप एएल २२०० नॅनोहेन्री धरा. २० वेढ्यांना ८८० मायक्रोहेन्री. ०.३५ टेस्लाची मर्यादा ठेवली तर पीक करंट फक्त ०.६ अँपिअर. आता मधल्या खांबात अर्ध्या मिमीचा गॅप टाका, एएल २०० च्या आसपास येतो, २० वेढ्यांना ८० मायक्रोहेन्री, आणि करंट ६.६ अँपिअर. इंडक्टन्स अकरापट खाली, करंट अकरापट वर. एनर्जी म्हणजे अर्धा गुणिले इंडक्टन्स गुणिले करंटचा वर्ग, ती १६० मायक्रोज्यूलवरून १७५० च्या वर गेली. तोच कोर, तीच वायर, तेवढेच वेढे, फक्त अर्धा मिमी हवा, आणि अकरापट एनर्जी. खरं तर एनर्जी साठते ती त्या फटीतच, फेराइटचं काम फक्त फ्लक्सला फटीपर्यंत आणून सोडायचं.

गॅपचा दुसरा फायदा म्हणजे मटेरियलचे नखरे बंद होतात. समजा रस्ता ६० मिमी आणि गॅप ०.५ मिमी. मटेरियल २००० चं असेल तर प्रभावी पर्मिअ‍ॅबिलिटी ११३. गरम होऊन किंवा बॅच बदलून ते ३००० चं झालं तर ११५. मटेरियल दीडपट झालं आणि तुमच्या चोकला दोन टक्केही कळलं नाही. रॉडच्या बाबतीत झालं होतं तेच, हवेचा तुकडा सगळं ठरवतो, फरक इतकाच की रॉडमध्ये ती हवा आपल्या हातात नव्हती आणि इथे आहे.

कागद घालून गॅप करणार असाल तर एक लक्षात ठेवा, दोन्ही ई-च्या मध्ये कागद घातला की गॅप मधल्या खांबातही पडतो आणि बाजूच्या खांबांतही, फ्लक्सला दोनदा ओलांडावा लागतो. म्हणजे अर्धा मिमी हवा असेल तर पाव मिमीचा कागद. साधा छपाईचा कागद ०.१ मिमीच्या आसपास असतो, एक पान घातलं तरी ०.२ चा गॅप झाला. आणि गॅपच्या तोंडाशी फ्लक्स बाहेर फुगतो, तिथली वायर तापते, म्हणून शक्य असेल तर वेढे फटीपासून थोडे लांब ठेवावेत.

नको असलेला गॅप काय करतो तेही सांगतो. १०००० पर्मिअ‍ॅबिलिटीची एक रिंग माझ्या हातून फरशीवर पडून दोन तुकडे झाले. सुपरग्लूने इतकी छान चिकटवली की सांधा दिसेना. मीटरवर इंडक्टन्स आधीच्या चाळीस टक्क्यांच्याही खाली. ग्लूचा थर किती असेल, पाच मायक्रॉन धरा, दोन सांधे म्हणजे दहा. ६० मिमीच्या रस्त्यात दहा मायक्रॉन, हसण्यावारी नेण्यासारखं, पण १०००० च्या मटेरियलला ते दहा मायक्रॉन म्हणजे शंभर मिमी फेराइटच्या बरोबरीचे. पर्मिअ‍ॅबिलिटी ३७५० वर येते. तेच ४० च्या पावडर रिंगचे दोन तुकडे चिकटवले असते तर मीटरला पत्ताही लागला नसता. ई-कोरच्या घासलेल्या तोंडांवर धूळ किंवा वार्निशचा थेंब असला तरी हेच होतं, बिनागॅप ट्रान्सफॉर्मर करताना ती तोंडं पुसून घ्यायचा आळस करू नका.

पावडर कोरमध्ये गॅप आधीच वाटलेला असल्यामुळे तो फेराइटसारखा एकदम कोसळत नाही, हळूहळू उतरतो. फेराइट म्हणजे भिंतीवर आदळणं, पावडर म्हणजे चढ लागणं. ३ अँपिअरला दहा टक्के गेले, ५ ला पंचवीस, असं. सर्किटला सांभाळून घ्यायला वेळ मिळतो. म्हणून डीसी करंटच्या चोकला मी डोळे झाकून पावडर घेतो, आणि गॅपवाला फेराइट तेव्हाच, जेव्हा रिपल, म्हणजे करंटचा चढउतार, जास्त आहे आणि कोर लॉस, म्हणजे कोर तापून वाया जाणारी एनर्जी, कमी हवाय.

याच्या उलट कॉमन मोड चोक, म्हणजे नॉइज अडवायला दोन्ही तारा एकाच कोरवर गुंडाळलेला. त्यात जाणारा आणि येणारा करंट एकमेकांचा फ्लक्स खोडून काढतात, कोरला जवळजवळ काही जाणवतच नाही, तिथे ५०००, १००००, नॅनोक्रिस्टलाइन, म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिकांचा मिश्रधातू, असेल तर त्याहून वर, बिनधास्त वापरा, गॅप कशाला.

सिलिकॉन स्टीलच्या चोकबद्दल एकच सांगतो, तो एलसीआर मीटरवर मोजून घाबरू नका. त्या मटेरियलची पर्मिअ‍ॅबिलिटी अगदी छोट्या सिग्नलला बरीच कमी असते आणि काम करायच्या फ्लक्सला वाढते, त्यामुळे बिनागॅप कोरवर मीटर कमी दाखवतो आणि लोक वेढे कमी पडले म्हणून सोडवायला घेतात. ट्रान्सफॉर्मरमधून आयसोलेट केलेले २४ व्होल्ट एसी लावा, करंट मोजा. ५० हर्ट्झला अर्धा अँपिअर आला तर ४८ ओहम, त्याला ३१४ ने भागा, दीडशे मिलिहेन्री. वायरचा रेझिस्टन्स नगण्य असेल तर एवढं पुरे.

आता तुमचा चोक. २७ मिमीची रिंग घेऊ, दोन पर्याय. पिवळी-पांढरी २६ नंबर लोखंडी पावडर, जी जुन्या कॉम्प्युटर पॉवर सप्लायमध्ये भरपूर सापडते, तिचा एएल ९३. ४७ मायक्रोहेन्रीला २३ वेढे होतात पण ३ अँपिअरला दहा-पंधरा टक्के उतरेल असं धरून २४-२५ टाका. चालेल, पण १०० किलोहर्ट्झला ती गरम होते, आणि लोखंडी पावडर वर्षानुवर्षं गरम राहिली की आतला बाइंडर, म्हणजे कण चिकटवून धरणारा पदार्थ, खराब होऊन लॉस आणखी वाढतो, आणखी गरम, असं चक्र लागतं. स्क्रॅपमधल्या पिवळ्या रिंगचा रंग तपकिरी पडलेला दिसला तर ती टाकूनच द्या. माझी पसंती त्याच मापाची सेनडस्ट, पर्मिअ‍ॅबिलिटी ६०, एएल ७५. २६ वेढे, शून्य करंटला ५० मायक्रोहेन्री, ३ अँपिअरला ४७ च्या आसपास उरतात. १२ चे ५ करताना १०० किलोहर्ट्झला रिपल ०.६ अँपिअरच्या आसपास, म्हणजे पीक ३.३, आरामात बसतं. वायर जाड एकच घेण्यापेक्षा ०.५ मिमीच्या चार तारा हलका पीळ देऊन घ्या, गुंडाळायलाही सोप्या जातात.

रिंग बेनामी असेल तर आधी १० वेढे टाकून मोजा, मायक्रोहेन्रीला दहाने गुणलं की नॅनोहेन्रीमधला एएल आला. या मापाच्या रिंगवर ७ ते १६ मायक्रोहेन्री आले तर पावडर, अडीचशेच्या घरात आले तर ती माझ्या त्या मॉसफेटखाऊ रिंगची बहीण आहे, बाजूला ठेवा. आणि चोक लावल्यावर लोड एकदम ३ अँपिअर देऊ नका, स्कोपवर करंटची रेष बघत बघत वाढवा, रेष वरच्या टोकाला वाकायला लागली की तिथेच थांबा आणि मला वेढे, रिंगची तिन्ही मापं आणि तो करंट कळवा.